साखऱ्याचा रांजण

॥ श्री ॥
हिंगोली,
दि. ८ जानेवारी २०२५

चि. सोनाजी यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे दोन फोन येऊन गेल्याचे यंत्रावर दिसले. मी ते घेतले नाहीत आणि यापुढेही घेईन असे वाटत नाही. या घरात फोन घेण्याचे काम तुझी वहिनी करीत असे. पलीकडच्या माणसाला किती वेळ द्यायचा हे तीच ठरवी. जनका गेल्याला दोन महिने झाले, तरी घंटा वाजली की मी स्वयंपाकघराकडे पाहतो. सत्तरीच्या माणसाला ही सवय शोभत नाही. तेव्हा काय लिहायचे ते पत्राने लिहीत जा. मी जेवतो का, हे गंगूने विचारले असेलच. खाणावळीचा डबा येतो. त्यातील वरणात डाळ शोधण्यात माझी दुपार बरी जाते.

सांप्रत मला एक काम लागले आहे. आपल्या गावात शहर गौरव समिती नावाची एक संस्था उगवली आहे. ती दोन मार्चला हिंगोलीच्या कुंभारकामाचे प्रदर्शन भरवणार असून त्यानिमित्त स्मरणिका काढणार आहे. अध्यक्ष विजयकुमार हे फरशी व स्नानगृहाच्या भांड्यांचे व्यापारी. त्यांच्या दुकानात जे विकले जाते तीही भाजलेली मातीच, हे मी सांगितले तेव्हा ते थक्क झाले. स्मरणिकेचा त्यांनी स्वतः लिहिलेला मसुदा मला दाखवला. आपल्या गावची कला दोन हजार वर्षांची आहे, असे त्यात ठणकावून म्हटले होते. पुरावा म्हणून मातीच्या एका घोड्याचे छायाचित्र होते. तो घोडा त्यांच्या सुनेने पुण्यातील एका दुकानातून दिवाणखान्यासाठी आणला आहे, हे चौकशीअंती कळले.

मी तो मसुदा बाजूला सारून नवा लेख लिहून दिला. पलटणीच्या छावणीच्या काळी बराकींच्या छपरांवर चढलेली कवेलू, साहेबांच्या सुरया आणि घोड्यांच्या पाण्याच्या नांदी आपल्या आळीतून जात, हे अप्पा सांगत असत. ते सर्व घेतले. अप्पांच्या लहानपणी आळीत बावीस आवे पेटत, माझ्या लहानपणी नऊ. आज एकही भट्टी नाही. गाढवे विकली गेली, चाके माळ्यावर गेली, आणि कयाधूकाठची माती विटांना जाते. चाकाला हात लावण्याची स्त्रियांना मुभा नसल्याने त्यांचा वाटा पाणी भरणे व माती चाळणे एवढाच राहिला, हेही स्पष्ट नोंदविले आहे.

आता मुख्य बातमी. सेनगाव तालुक्यातील साखरा येथून समितीने एक जुना रांजण आणला आहे, मांडीएवढ्या उंचीचा. त्याच्या गळ्याभोवती अंगठ्याच्या ठशांची एक ओळ आहे आणि प्रत्येक ठसा डावीकडे झुकलेला आहे. हे काम डाव्या हाताचे आहे. आपल्या घराण्यात डावखुरे एकटे पणजोबा उकंडराव. म्हणजे हा रांजण त्यांनी चाकावर काढला, सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी. रांजणाचे मालक दगडोबा नावाचे वृद्ध शेतकरी आहेत. आपण तो स्वतः विकत घेतला, असे काहीबाही ते सांगत होते. परंतु जे लोक सनावळी लग्नांवरून आणि दुष्काळांवरून मोजतात, त्यांच्या स्मरणावर इतिहास उभा राहत नाही. प्रदर्शनात मध्यभागी हा रांजण असेल व पाटीवर आपल्या पणजोबांचे नाव. आपल्या घराण्याला मान मिळण्याचा हा पहिलाच प्रसंग आहे. त्यासाठी मी माझे नाव लेखाखाली घातले आहे.

गंगूस व मुलांस आशीर्वाद. ख्यालीखुशाली कळवीत असावे.

तुझा ज्येष्ठ बंधू,
व्यंकटराव

॥ श्री ॥
आखाडा बाळापूर,
दि. १७ जानेवारी २०२५

ती. दादास सोनाजीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र भेटलं. गंगूला वाचून दाखवलं. ती म्हणाली, भावजींनी वरणाला नावं ठेवली म्हंजे तब्येत बराबर हाय. संक्रांतीचा तीळगूळ पाठवून राहिलो, तेवढा घ्या अन गोड बोला म्हणायचं धाडस मी करत न्हाई.

दुकानात यंदा गुजरातचे माठ लावलेत, साच्यातले, नळ बसवलेले. चाक माळ्यावर गेलं म्हणून तुमी लिहिलं ते आमचंच व्हय. तुमी हसाल. हसा. माझे गुडघे चाकापुढं बसत न्हाईत अन पोरं बसाया तयार न्हाईत.

आता रांजणाचं. दादा, रांजण चाकावर होतो का? तुमी अप्पांसारख्या कुंभाराच्या पोटी जलमले अन कालेजात इतिहास शिकवला, अन हे लिहून दिलं? तेवढा माल चाकावर चढवला तर चाकबी मोडंल अन कुंभाराची कंबरबी. रांजण मातीच्या वळ्या एकावर एक लावून हातानं उचलतात, म्हंजे उभा करतात. एक थर वाळला की वर दुसरा. आतून दगड धरायचा, बाहेरून थापी मारायची. आठ-आठ दिवस लागतात. बायांनी चाकाला शिवायचं न्हाई हे खरं हाय. पन रांजणाला चाकच लागत न्हाई, म्हणून आपल्याकडं रांजण बायाच करायच्या. तुमी त्यांना पाणी भराया लावलं.

दुसरं लिहू का नको, म्हणून चार दिवस गेले. गंगू म्हणाली, लिहा. तो साखऱ्याचा रांजण उकंडरावाचा न्हाई. तो वैनीचा हाय. सत्याऐंशी सालचा. तुमी एम.फिल.साठी विद्यापीठात राहायला गेले, तवा अप्पा अन मी हिंगोलीची आळी सोडून बाळापुरात आलो होतो, अन वैनी आमच्यापाशी होती. अप्पांचा मणका धरला होता अन गिऱ्हाइकांना शब्द दिलेला होता. वैनीची आई शिरड शहापूरला रांजणच करायची. वैनीनं पदर खोचला अन चार रांजण उचलले. माती मी तुडवून दिली हाय, मला खोटं पाडू नका. दगडोबानं त्यातला एक बैलगाडीत घालून नेला. अंगठ्याची ओळबी तिचीच. वैनी डावखुरी होती.

पाटी लावायच्या आधी एवढं तपासा. रागावले तरी चालंल, पन जेवत जा.

तुमचा धाकटा,
सोनाजी

॥ श्री ॥
हिंगोली,
दि. २४ जानेवारी २०२५

चि. सोनाजी यास आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र वाचून प्रथम हसू आले, मग राग आला. या घरात दोन्ही गोष्टी बरेच दिवस घडल्या नव्हत्या, म्हणून तुझे आभार मानतो. तीळगूळ पोहोचला. गूळ करपला आहे, हे गंगूस सांगू नये.

रांजण वळ्यांनी घडतो, हे माझ्या लक्षातून गेले. ही चूक मला मान्य आहे. ती ओळ मी दुरुस्त केली. स्त्रियांविषयीचे वाक्यही सौम्य केले. परंतु उरलेल्या कथेविषयी मला बोललेच पाहिजे. तू सहृदय आहेस, हे मला ठाऊक आहे. वहिनी गेली, दादा एकटा पडला, तेव्हा त्याला काहीतरी सुखावणारे लिहावे, असे तुला वाटले असेल. पण सांत्वनासाठी कोणी इतिहास बदलत नसते. विजयकुमारांचा पुण्याचा घोडा आणि तुझा बाळापूरचा रांजण यांत मला फारसा फरक दिसत नाही. दोघांनाही वस्तू हवी तेथे हवी तशी उभी करायची आहे.

जनका डावखुरी होती, असे तू लिहितोस. एक्केचाळीस वर्षे तिने मला वाढले आणि मी तिच्यासमोर बसून जेवलो. वाढताना उजवाच हात पुढे येई. देवापुढे दिवा लावताना उजवा, भाजीवाल्याकडून पिशवी घेताना उजवा. जिच्याशी इतका काळ संसार केला तिचा हात कोणता, हे मला बाळापूरच्या पत्रातून कळावे, ही कल्पनाही मला अपमानास्पद वाटते. शिवाय, असे काही तिने केले असते तर मला सांगितले नसते का? ती भाजी किती शिजली हेही सांगत असे.

लेख छापखान्यात गेला आहे. या विषयावर माझ्याकडून आणखी उत्तर अपेक्षू नये. गंगूच्या नेहमीच्या खोकल्यास आराम आहे का, ते मात्र लिही. मुलांवर लक्ष असू दे आणि माझ्यावरचा रोष मनात ठेवू नये.

तुझा ज्येष्ठ बंधू,
व्यंकटराव

॥ श्री ॥
आखाडा बाळापूर,
दि. २ फेब्रुवारी २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

गंगूचा खोकला बरा हाय. गूळ करपल्याचं मी सांगितलं न्हाई, तिनं पत्र स्वतः वाचलं. आता पुढच्या साली तुमाला तीळगूळ न्हाई.

डावा हात पुढं कसा येईल, दादा? तुमाला याद नसंल, मला हाय. लग्नाला महिना झाला होता. सत्यनारायणाची पंगत बसली होती. वैनीनं डाव्या हातानं भाजी वाढली अन तुमी पानावरून उठले. सगळ्या पाहुण्यांत. अप्पांनी समजावलं तरी बसले न्हाई. त्या दिवसापासून तुमच्यासमोर वैनीचा उजवाच हात. सुरवातीला तिच्या हातून वाटी सांडायची, तवा तुमी तिला वेंधळी म्हणायचे.

तुमची पाठ वळली की सगळं डाव्यानं. विळी डाव्यानं, केस डाव्यानं, लेकराला थापटणं डाव्यानं. नीलांबरीला इचारा, तुमची लेक हाय, माझी न्हाई. उकंडराव तुमच्या लेखात डावखुरे राहिले, कारण ते तुमच्या जलमाआधी मेले होते. त्यांना उजवं कराया तुमी न्हवते.

तिनं सांगितलं न्हाई म्हणता. सांगितलं होतं. तुमी विद्यापीठातून आले तवा चौथा रांजण अंगणात वाळत होता. वैनीचे हात कोपरापर्यंत भरलेले, अन ती तुमाला तो दाखवाया उठली. प्राध्यापकाच्या बायकोनं चिखलात हात घालायचे नसतात, एवढंच तुमी बोलले. तिनं हात धुतले. तो चौथा तसाच राहिला, काठ न लावलेला. पावसाळ्यात अप्पांनी माती परत मिसळून टाकली.

मी कमी शिकलो, तुमाला पुरावा कसा द्यायचा ते मला येत न्हाई. साखरा तिथंच हाय, यष्टी जाते. दगडोबाला एकदा सरळ इचारा. बोलण्यात कमी-जास्त झालं असंल तर पोटात घाला.

तुमचा,
सोनाजी

॥ श्री ॥
हिंगोली,
दि. १६ फेब्रुवारी २०२५

चि. सोनाजी यास आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायचे नाही, असे ठरवून आठ दिवस काढले. नवव्या दिवशी नीलांबरीस फोन केला. आई कोणत्या हाताने तुझी वेणी घाली, एवढेच विचारले. तिने क्षणाचाही विचार न करता डाव्या म्हणून सांगितले आणि मला खरेच ठाऊक नव्हते का, असे उलट विचारले. मग थंडीत कानटोपी घालत जा, असे म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी साखऱ्यास गेलो. दगडोबांनी मला ओळखले. पहिल्या भेटीत मी त्यांना बोलू दिले नव्हते, हे त्यांच्या चांगले लक्षात होते आणि त्यांनी ते चारचौघांत ऐकवलेही. थोरल्या मुलीचे लग्न झाले त्या साली, म्हणजे सत्याऐंशीत, आपण बाळापूरहून रांजण आणला, असे ते म्हणाले. देणारी बाई मास्तराची बायको होती आणि डाव्या हाताने रांजणावर टिचकी मारून आवाज ऐकवीत होती. पाणी भरू नका, फार पाझरतो, यात ज्वारी ठेवा, असे तिने बजावून सांगितले होते. त्यांची पत्नी पारुबाई मध्येच म्हणाल्या की त्या बाईने मोबदल्यात ज्वारीबरोबर एक वेळचे जेवणही मागून घेतले होते आणि ती भरपूर जेवली होती. ज्या स्मरणाला मी हसलो, त्याने मला साल, गाव आणि हात असे तिन्ही अचूक दिले. कोणत्याही कागदपत्रातून मला याहून चांगला पुरावा मिळाला नसता.

तेथून मी सरळ विजयकुमारांच्या दुकानात गेलो. स्मरणिका छापून झाली आहे. त्यांनी मला खुर्ची दिली आणि मोठ्या मनाने समजूत घातली. पणजोबा काय नि पत्नी काय, नाव तर घरातच राहते, असे ते म्हणाले. उलट सव्वाशे वर्षांचा रांजण हा वारसा ठरतो आणि अडतीस वर्षांचा नुसता रांजण. तेव्हा सरांनी उगाच घोळ घालू नये. वर्तमानपत्रातही रांजणाचा फोटो पणजोबांच्याच नावाने जाणार आहे. सोनाजी, मी या माणसाला महिनाभर मूर्ख म्हणत आलो. पण त्या दिवशी त्याने जे सुचवले ते मला एका क्षणासाठी सोयीचे वाटले, हे तुझ्यापासून लपवत नाही.

तीस वर्षे मी विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवर तांबडी शाई वापरली. पुराव्याशिवाय एक वाक्य कोणाला लिहू दिले नाही. माझ्याच घरात, माझ्यासमोर जो पुरावा रोज वाढत होता, तो मी पानावरून उठून नाहीसा केला आणि नंतर तो सापडत नाही म्हणून तुला दूषणे दिली. आता दोनच मार्ग आहेत. एक तर उकंडरावांचे नाव राहू द्यायचे आणि माझा शब्द अबाधित ठेवायचा. किंवा दोन मार्चला उभे राहून माझा लेख चुकीचा आहे, हे माझ्याच तोंडाने सांगायचे. मी दुसरे करणार आहे. समारंभाला माझे अनेक जुने सहकारी येतील. त्यांतील निम्म्यांचे शोधनिबंध मी फाडून काढलेले आहेत. मला भीती वाटते आहे, हे फक्त तुला कळवतो.

गंगूला घेऊन येता आले तर ये. नाही जमले तरी मी समजून घेईन.

तुझा ज्येष्ठ बंधू,
व्यंकटराव

॥ श्री ॥
आखाडा बाळापूर,
दि. ५ मार्च २०२५

ती. दादास शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

घाईत यष्टी पकडली, म्हणून तिथं धड बोलता आलं न्हाई. घरी येऊन गंगूनं आळीतल्या सगळ्यांना सांगितलं. ती मागच्या रांगेत रडून राहिली होती अन वर मलाच म्हणत होती की डोळ्यात कचरा गेला.

तुमी कागद घेऊन उभे राहिले तवा आवाज कालेजातल्यावानीच होता. माझा लेख चुकला हाय अन चुकीचं कारण अज्ञान न्हाई, उद्धटपणा हाय, असं तुमी वाचलं. माझ्या पुढचे दोन चष्मेवाले एकमेकाला कोपरानं ढोसून हसून राहिले होते. एक म्हणाला की म्हाताऱ्याला बायकोच्या दुःखानं भ्रम झाला. मी त्याच्या पायावर पाय दिला, चुकून म्हणून. विजयकुमारनं तुमच्या हातातला माईक घेऊन टाळ्या वाजवायला सांगितल्या, कशासाठी ते त्यालाच ठाऊक.

दुसऱ्या दिशी मी पुन्हा जाऊन आलो, तुमाला न सांगता. मधल्या चौथऱ्यावर आता तो पुण्याचा घोडा हाय. रांजण दाराच्या मागं सरकवला. पाटी तुमच्या अक्षरात हाय, जनकाबाई, हाताने घडविलेला रांजण, सन १९८७. लोक घोड्यासंगं फोटू काढून राहिले होते. रांजणाच्या तोंडावर कुनी तरी हेल्मेट ठेवलं होतं. ते मी उचलून भुईवर ठेवलं. पाटी नीट वाचली अन आलो.

वैनी असती तर तुमाला म्हणाली असती की दाराआडच बरं हाय, सावलीत. प्रदर्शन संपल्यावर रांजण तुमी मागून घ्या. घरात राहू द्या. आमच्यावर माया असू द्या.

तुमचा,
सोनाजी

॥ श्री ॥
हिंगोली,
दि. १३ मार्च २०२५

चि. सोनाजी यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

प्रदर्शन काल संपले. समितीने मला आभाराचे पत्र दिले. त्यात माझा उल्लेख कुंभारकलेचे अभ्यासक असा आहे. विजयकुमारांना उपरोध जमत नाही, त्यामुळे ते मनापासूनच लिहिले असावे. ते पत्र मी रद्दीत घातले.

तुझ्या सूचनेप्रमाणे मी रांजण मागितला. दगडोबा आणि पारुबाई तो न्यायला ट्रॅक्टर घेऊन आले होते. ज्वारी खळ्यावर आली आहे आणि रांजण रिकामा ठेवून त्यांना चालणार नव्हते. मी म्हणालो की रांजण मला द्यावा, त्या बदल्यात हवी ती धान्याची कोठी घेऊन देतो. उत्तर पारुबाईंनी दिले. अडतीस वर्षे या रांजणाने त्यांच्या धान्याला कीड लागू दिली नाही. ज्या बाईने तो दिला ती वापरायला दिला असे सांगून गेली होती, बघायला नव्हे. तेव्हा मास्तरांनी आता मध्ये येण्याचे कारण काय, असे त्यांनी विचारले. मी रांजण करणारीचा नवरा आहे, असे सांगितले. तर मग रांजण उचलायचा कसा ते ठाऊक असेल, तेवढा ट्रॅक्टरपर्यंत नेऊन द्या, असे त्या म्हणाल्या.

मला ठाऊक नव्हते. मी काठाला धरून उचलू लागलो, तेव्हा पारुबाई माझ्यावर अशा ओरडल्या की सामान आवरणारे समितीचे लोक बाहेर आले. काठाला धरले तर काठ हातात येतो आणि रांजण भुईवर राहतो, एवढे शिकलेल्या माणसाला कळू नये का, असे त्या म्हणाल्या. बुडाखाली एक हात आणि पोटाभोवती दुसरा घालून तो छातीशी धरायचा असतो. मी तसा धरला. माझा गाल गळ्यावरच्या ठशांना लागला. माती गार होती आणि जुन्या ज्वारीचा वास येत होता. दगडोबा मदतीला पुढे आले. मी मानेनेच नको म्हटले. ट्रॅक्टर फाटकाबाहेर होता. मध्ये एकदा दम लागला म्हणून थांबलो, पण रांजण खाली ठेवला नाही.

गंगूस आशीर्वाद सांग. माझे काही चुकले तर गेल्या तीन महिन्यांत लिहिलेस त्याच भाषेत लिहीत जा, आणि आपुलकीत उणे पडू देऊ नकोस.

तुझा,
दादा